परत द्यायची गाडी

शनिवार, ७ जून. सकाळ.

कालच्या नोंदीत एक चूक आहे. मी लिहिलं की नवी गाडी घ्यायची कल्पना आईची. तसं नाही. आई फक्त म्हणाली होती की पिकअपमध्ये चढताना गुडघा कुरकुरतो. बाकी सगळं, म्हणजे महागडी क्रॉसओव्हर, चंताबुरीचं शोरूम आणि चार दिवस गाडी घरी आणून बघायची योजना, मी एकटीने ठरवलं. शाळा लांब होती म्हणून आठव्या वर्षापर्यंत बाबांनीच मला शिकवलं, तेही पिकअपमध्ये, कारण आमच्या नव्या लावलेल्या फळबागेत सावलीची तेवढीच जागा. त्यांचा नियम असा होता की चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं.

तर बरोबर असं. बाबा जाऊन आठ महिने झाले. घरात गाडी चालवणारी मी एकटी. पिकअप एकवीस वर्षांची. ती देऊन ही घ्यायची का, हे चार दिवसांत डोकं शांत ठेवून ठरवायचं. मी पॅकिंग-हाऊसमध्ये ड्युरियन तपासते. फळ पिकलंय की नाही हे मी त्याच्या उग्र वासाला न भुलता सांगते. गाडीचंही सांगेन.

पिकअप म्हणजे पत्रा. पत्र्यात जीव अडकवणं मला पटत नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

गाडी आणली. सेल्समनचं नाव पिचेत. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा असेल, पण मला ताई म्हणतो. गाडीत सिगारेट नको, कुत्रं नको, ड्युरियन नको, एवढ्याच अटी. पिकअप त्यांच्याकडे ठेवली. धुऊन, तपासून किंमत ठरवणार आहेत. आतलं सामान काढून घ्या म्हणाला. मी फक्त पाठीमागची उशी घेतली.

उशीबद्दल: पिकअपची सीट बाबांच्या उंचीप्रमाणे मागे आहे, म्हणून मी पाठीशी उशी घेते. सीट पुढे ओढता येते हे मला माहीत आहे. उशी कमरेला बरी पडते.

या गाडीत सीट लक्षात ठेवणारी बटणं आहेत. पिचेत म्हणाला, पहिलं बटण ताईंचं, दुसरं साहेबांचं, एकदा सांगून ठेवलं की दाबताच सीट आपापल्या जागी जाते. मी म्हटलं साहेब नाहीत. तो म्हणाला, हरकत नाही, बटण वाट बघेल.

घरी खलुंगला येईपर्यंत तीन मोटरसायकली आणि एक भाजीवाली मला मागे टाकून गेली. गाडी शांत आहे. आत काही ऐकू येत नाही. हे आवडलं.

रविवार, ८ जून.

आईचा समज झाला की गाडी विकत आणली. सकाळी उठले तर आरशाला झेंडूचा हार, आणि आत्या नवी चप्पल घालून मागच्या सीटवर बसलेली. आत्या म्हणाली, चल, भंते दहाच्या आत मोकळे असतात. आईने ओठांना रंग लावला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा. सांगणार होते की गाडी आपली नाही, पण वेळ मिळाला नाही.

विहारात थोरले भंते पुढच्या सीटवर गुडघा टेकून आत वाकले आणि चालवणाऱ्याच्या डोक्यावर येणाऱ्या छताच्या फिक्या कापडावर, ओल्या पांढऱ्या भुकटीने नऊ ठिपके काढले. वर सोनेरी वर्ख. मग पाणी शिंपडलं. स्टिअरिंगमागच्या स्क्रीनवर एक दिवा लागला, तो अजून विझलेला नाही. स्टिअरिंगला दोरा बांधला. आत्याने विचारलं, भंते, हिला नवराही याच गाडीतून येईल का. भंते म्हणाले, आधी हिला तिसऱ्या गिअरमध्ये येऊ दे.

गाडीला हाताने टाकायचे गिअर नाहीत. 

सोमवार, ९ जून.

दुरुस्ती. काल लिहिलं की सांगायला वेळ मिळाला नाही. घरापासून विहारापर्यंतचा अख्खा रस्ता होता. मी चाळीसने चालवत होते, म्हणजे वेळ जास्तच होता.

शिवाय आत्याने येताना मागे बसून मँगोस्टीन सोलली. सीट साईच्या रंगाची. आता तिच्यावर नखाएवढा जांभळा डाग आहे. आत्या म्हणाली, फुलासारखा दिसतोय, अजून दोन केले तर नक्षी होईल.

पिचेतला फोन करून दोन्ही गोष्टी सांगितल्या. डागाला तो हसला. म्हणाला, ताई, चंताबुरीला साईच्या रंगाची सीट पाठवणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी, तुम्हाला नाही. मग ठिपक्यांचं सांगितलं.  तो म्हणाला, ते कोण पुसणार? इथे ज्याच्या हातात फडकं देईन तो दुपारपासून आजारी पडेल. आणि दुसऱ्यासाठी मंतरलेली गाडी घेणार कोण. मी म्हटलं मी पुसते. तो म्हणाला, तुम्ही पुसाल?

नाही पुसणार.

तो म्हणाला घाई नको, आणखी काही दिवस ठेवा, नीट ठरवा. म्हणजे आता गाडी घ्यावीच लागणार असं दिसतं. माझा निर्णय नाही, परिस्थिती आहे. थोडं हलकं वाटलं. की काहीच वाटलं नाही, नक्की सांगता येत नाही.

मंगळवार, १० जून.

आज रस्त्याची चाचणी. लांबचा, चढ-उताराचा रस्ता हवा म्हणून घर ते चंताबुरीचं हॉस्पिटल निवडलं. हाच रस्ता सोयीचा आहे. दुसरं कारण नाही.

ऑक्टोबरमध्ये याच रस्त्याने मी बाबांना पिकअपमधून नेलं होतं. ते छातीवर हात धरून शेजारी बसले होते आणि म्हणत होते, हळू, वेन, घाई नको, खड्डे आहेत. मी हळू नेलं. त्यांचं मी नेहमी ऐकलं. तिथे डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. वाक्य पुढे पूर्ण केलं नाही.

पिकअपला चढावर दम लागतो. या गाडीला लागत नाही. फरक किती पडतो, एवढंच बघायचं होतं.

निकाल: फळांच्या ट्रकांमागे अडकले. गाडीत ताकद खूप, रस्त्यात जागा नाही. पिकअपइतकाच वेळ लागला. पण ऑक्टोबरमध्ये फळांचे ट्रक नसतात, म्हणून चाचणी बाद. पुन्हा करायची.

बुधवार, ११ जून.

पुन्हा. ट्रक. बाद.

गुरुवार, १२ जून.

पुन्हा. आज ट्रक नव्हते, पण लग्नाची मिरवणूक होती. बाद.

पॅकिंग-हाऊसमध्ये मुकादम बाईंनी विचारलं, रोज अर्धी सुट्टी कशाला. गाडीचं काम आहे सांगितलं. त्या म्हणाल्या, मी नवऱ्याला एवढं पारखलं असतं तर आज बरी असते.

शुक्रवार, १३ जून.

पहाटे उजाडताच निघाले. रस्ता पूर्ण मोकळा. एक कुत्रं सुद्धा नाही.

काटा साठावर. पाय त्याच्या पुढे दाबला जात नाही. पिकअपमध्येही त्या दिवशी साठच होते. गाडीचा दोष नाही, तसं नोंदवते.

हॉस्पिटलच्या गेटपर्यंत गेले, गाडी वळवली, नाक्यावर खेकड्याच्या शेवया घेतल्या. गाडीत खायला बंदी नाही, पण बाहेर उभी राहून खाल्ल्या. चव लागली नाही. शेवयांचाही दोष नाही.

त्याच दिवशी. दुपार.

सीटची बटणं तपासायची राहिली होती. पाठीशी उशी घेतली आणि पाय पिकअपमध्ये पोचतात तसे पोचेपर्यंत सीट मागे नेली. मग दुसरं बटण दाबून ती जागा ठेवली. मग पहिलं दाबलं, सीट पुढे आली. खाली उतरून, बाहेर उभी राहून, दुसरं दाबलं. सीट हळूहळू मागे गेली आणि थांबली. आत कोणी नव्हतं.

यंत्रणा व्यवस्थित आहे. खात्रीसाठी बऱ्याच वेळा तपासली.

आईने ओट्यावरून हाक मारली, बॅटरी उतरेल.

शनिवार, १४ जून.

निर्णय झाला, घ्यायची. कारणं: ठिपके पुसता येत नाहीत, डाग आहे, आईला आनंद झाला आहे. सोमवारी सही. पिकअप त्यांच्याकडेच आहे, त्यामुळे वेगळा निरोप वगैरे काही नाही.

कामावरून आले तर आईने माझी उशी उसवून तिच्यात नवा सावरीचा कापूस भरला होता. म्हणाली, अगदी पापड झाली होती, आता बघ कशी टुमटुमीत. मी छान म्हटलं. आता ती पाठीशी घेतली तर नाक स्टिअरिंगला लागेल.

रविवार, १५ जून.

सही करण्याआधी सगळं स्वच्छ असावं म्हणून आईला खरं सांगितलं, की गाडी विकत घेतलेली नव्हती, नुसती बघायला आणली होती. हे सांगायला मी आठवडा घेतला.

आई चिकट भात उलथत होती. वर न बघता म्हणाली, माहीत आहे की. दारावर वीतभर अक्षरांत शोरूमचं नाव आणि टेस्ट ड्राइव्ह लिहिलंय. तुला बाबांनी शिकवलं, पण मलाही वाचता येतं.

भंत्यांनाही माहीत होतं. आत्यालाही. आत्या तर म्हणाली होती, फुकटची आहे तोवर फिरून घेऊ.

मी विचारलं, मग ठिपके कशाला काढून घेतलेस, लोकांच्या गाडीत. आई म्हणाली, गाडी कुणाची का असेना, चालवतेस तू ना. ठिपके पत्र्यासाठी असतात का.

मग म्हणाली, तू पिकअप देऊन टाकलीस म्हणून मी काही बोलले नाही. मला वाटलं, तुला ती डोळ्यांसमोर नको असेल.

मी म्हटलं, गुडघा. ती म्हणाली, गुडघा या गाडीतही कुरकुरतो.

म्हणजे घ्यायची तीनपैकी दोन कारणं गेली. डाग उरला. डागासाठी कोणी गाडी घेत नाही.

सोमवार, १६ जून.

क्रॉसओव्हर घरी ठेवून बसने शोरूमला गेले. सही केली नाही. पिकअप मागच्या बाजूला उभी होती, ओळखू येईना इतकी धुतलेली. पिचेत म्हणाला, ताई, सगळं घासलं, फक्त छताला हात लावला नाही, कोणी तयारच होईना. वर बाबांच्या वेळचे ठिपके तसेच होते, पिवळे पडलेले.

आत बसले. पाय सरळ पोचले. उशीशिवाय.

गालिचा काढायला त्यांनी सीट पुढे ओढली होती. पिचेतने विचारलं, काही राहिलंय का. नाही म्हटलं. कुणाची चूक नाही. सीट पुढे ओढायलाच असते.

मागे नेऊन बघितली. बऱ्याच ठिकाणी खटका लागतो. बाबांचा कुठला ते कळेना. उशी असती तर कळलं असतं, पण उशी आता टुमटुमीत आहे.

पिचेत म्हणाला, पिकअप आजच घेऊन जा, क्रॉसओव्हर माणूस पाठवून मागवतो. आणि काळजी करू नका, गाडी परत आली की आम्ही बटणं, फोन नंबर, सगळं पुसून कोरी करतो.

मी म्हटलं, माणूस पाठवू नका. मी स्वतः आणून देईन, पिकअपही तेव्हाच नेईन. तपासणीतला एक मुद्दा राहिला आहे. तो म्हणाला, अजून?

मंगळवार, १७ जून.

आई विहारात जाऊन विचारून आली की गाडी परत द्यायला कुठला दिवस चांगला. भंते म्हणाले, असं आजवर कोणी विचारलं नाही, पण घ्यायला गुरुवार चांगला तर द्यायलाही चालेल. आत्या म्हणाली, मग बुधवारी सगळे समुद्रावर जाऊ, मी मँगोस्टीन आणत नाही.

मापाची टेप काढून पर्समध्ये ठेवली. दुसरं बटण दाबायचं, सीट थांबली की ब्रेकपासून पाठीपर्यंत मोजायचं, आकडा तळहातावर लिहायचा, मग किल्ली द्यायची, आणि पिकअपची सीट त्या आकड्यावर नेऊन बसवायची. ही माझ्या कमरेची गरज आहे. एवढ्या अंतरावरच ती दुखत नाही.

पाय पोचणार नाहीत. त्यासाठी जुन्यासारखी पातळ उशी शिवावी लागेल. कापूस आहे.

परत द्यायची: गुरुवार, १९ जून, सकाळी साडेआठ, शोरूम उघडताच.