चौथ्या सिलिंडरचा हीटर प्लग

गुरुवार, ५ डिसेंबर १९९६. सकाळी ६ वाजून १० मिनिटे. श्रीरामपूर, जीप स्टँड.
जीपमध्ये बसून डाव्या हाताने किल्ली हीटरवर धरली आहे व उजव्या हाताने हे लिहीत आहे. वीसपर्यंत मोजून मग स्टार्टर मारायचा असतो. लिहिण्याच्या नादात मोजणे चुकले. पुन्हा एकपासून.

सकाळी ७.
गाडी उठली नाही. नुसता पांढरा धूर. धक्का घ्यावा लागला. आपल्या स्टँडवर नियम आहे की ज्याने धक्का घेतला त्याने धक्का देणाऱ्यांना चहा पाजायचा. चार माणसे पुरतात. अकरा जण आले. दोघे नुसता हात लावून चालत होते. श्रीमंत ड्रायव्हर सगळ्यांना ओरडून म्हणाला, या रं या, इंजिनेरसायबाची म्हातारी उठवायची हाय, पुण्य लागंल. मी लक्ष दिले नाही.

गाडी दाजींची (सूर्यभान दाजी, भारतीताईचे यजमान). ते दिवाळीत मोटरसायकलवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये आहे. घर या गाडीवरच चालते. मला बेलापूरला बोलावून गाडी हाती दिली ती ताईच्या शब्दावर. दाजींच्या आई, राहीबाई मावशी, माझ्या देखत ताईला म्हणाल्या, गाडीला काय झालं ना भारते, तर भावासंगं तू बी माहेरचा रस्ता धरायचा. त्यांची बोलण्याची पद्धतच तिखट आहे. मनात काही नसते.

संकल्प: धक्का कायमचा बंद करणे.

शनिवार, ७ डिसेंबर
दोष सापडला. चार सिलिंडरना चार हीटर प्लग असतात. थंडीत ते आतली हवा तापवतात, मग डिझेल पेट घेते. चारही वायर काढून बॅटरीवर तपासले. तीन प्लग ठिणगी देतात, चौथा मेला आहे. हे निदान मी कोणाचीही मदत न घेता केले. आयटीआयमध्ये मी पाच महिने होतो, पण खरा अभ्यास नंतर स्वतःचा स्वतः केला.

दाजींना सांगितले. ते म्हणाले, मला ठाव हाय की. गेल्या थंडीपास्नं तिनावरच उठती ती. म्हैनाभर धक्का घे, संक्रांत झाली की आपसूक उठती. हात नको लावू.

दाजी चांगले चालक आहेत. पण चालवणे वेगळे आणि यंत्र समजणे वेगळे.

भाऊसाहेबांच्या गॅरेजवर सहज विचारले. ते म्हणाले, प्लग काढायचा तर इंजिन तापलेलं पायजे, थंड्या इंजिनाला पाना लावू नको. नाहीतर माझ्याकडं आण, दोनशे घीन. त्यांच्या पाटीवर ‘डिझेल’ हा शब्द दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिला आहे. अशा माणसाच्या हाती गाडी द्यायला मन धजत नाही. शिवाय तापलेल्या इंजिनावर हात भाजतात. गरमागरम काम घाईचे होते.

नवीन प्लग आणला, १४५ रुपये. पैसे ताईने शेळीच्या दुधाच्या डब्यातून दिले.

रविवार, ८ डिसेंबर. सकाळी ८.
सुट्टी घेतली. इंजिन रात्रभर थंड ठेवले होते. पाना लावला. हलेना. पान्याच्या दांड्यात पाण्याचा पाइप घातला, म्हणजे जोर चौपट होतो. हे शास्त्र आहे.

८.२०
‘कट्’ असा आवाज आला. प्लगचे डोके माझ्या हातात आहे. उरलेला भाग इंजिनाच्या वरच्या झाकणात, म्हणजे हेडमध्ये. म्हणजे निम्मा प्लग निघाला.

९.००
ताई चहा घेऊन आली. काय झालं म्हणाली. मी म्हणालो, काम दोन टप्प्यांत करणार आहे. तिने प्लगचे डोके उचलून उलटसुलट पाहिले. मग म्हणाली, आत्याबाईंना (म्हणजे मावशींना) नको सांगू. तिला यंत्रातले कळत नाही, उगाच घाबरते.

मंगळवार, १० डिसेंबर
गाडी चालते! तुटका भाग भोक बुजवून बसला आहे, गळती नाही. तिनावरच उठते, धक्का घेऊन. म्हणजे होते तिथेच आहोत, नुकसान काहीच नाही. ताई म्हणाली, असंच राहू दे रे आता. धक्क्याच्या चहाचं मी बघते, उन्हाळ्यात दाजी उभे राहिले म्हणजे काढतील त्यांच्या हातानं. मी तिला शांतपणे समजावले की अर्धवट काम सोडणे माझ्या स्वभावात नाही. ती म्हणाली, व्हय, ठाव हाय मला. बहिणीने स्वभाव ओळखला याचे बरे वाटले.

तुटलेल्या भागाभोवती रोज रॉकेल सोडत आहे. गंज सुटेल.

गुरुवार, १२ डिसेंबर
गुरुवार म्हणजे शिर्डीची गर्दी, सगळ्यांच्या तीन-तीन फेऱ्या होतात. स्टँडवर पोचलो तर रांगेत माझ्या नंबरच्या जागी विटांवर नारळ ठेवलेला, वर झेंडूची माळ. श्रीमंत, कानिफनाथ आणि इतर सात-आठ ड्रायव्हर टोप्या काढून, माना खाली घालून उभे. कानिफनाथ प्रवाशांना हात जोडून सांगत होता, म्हातारीचं आज तेरावं हाय, जेवून जावा. प्रवासी हसत श्रीमंतच्या गाडीत बसले. एका आजीबाईंना खरे वाटले. त्यांनी मला विचारले, तुझी कोण हुती रं बाळा? श्रीमंत म्हणाला, बायकू. त्यावर फारच हसले.

मी विटा उचलून बाजूला ठेवल्या. नारळ कोणाचा हे विचारले. कोणी सांगितले नाही. घरी आणला, ताईने आमटीत घातला.

आता हा प्रश्न प्लगचा राहिलेला नाही.

शुक्रवार, १३ डिसेंबर
आजच्या फेऱ्या संपवून गाडी अंगणात उभी केली. स्टँडचा दुसरा नियम: तीन दिवस सलग गाडी दिसली नाही तर नंबर जातो आणि शेवटून रांग धरावी लागते. दाजींचा नंबर पहिल्या पाचांत आहे, तो मिळायला त्यांना सहा वर्षे लागली. म्हणजे माझ्याकडे उद्या आणि परवा आहे. पुरेसे आहेत.

ड्रिल मशीन भाड्याने आणले, ६० रुपये. तुटक्या तुकड्याला भोक पाडून त्यात घालायचा उलट्या आट्यांचा स्क्रू, ९० रुपये. तो फिरवला की तुकडा मागे फिरून बाहेर येतो. दुधाचा डबा रिकामा झाला. ताईने तो माझ्यासमोर उलटा करून दाखवला. गरज नव्हती, माझा तिच्यावर विश्वास आहे.

शनिवार, १४ डिसेंबर
भोक पाडले. मध्यभागी नाही, किंचित डावीकडे. इंजिनाच्या अडचणीत मशीन सरळ बसत नाही, यात माझी चूक नाही. स्क्रू घातला. तो फिरतो. तुकडा फिरत नाही.

मावशी ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, आमच्या ह्यांनी हीर खणली तवा बी एवढं छिद्र पाडलं न्हवतं. खिडकीतून दाजींनी हाक मारली, काय करतो रं? मी म्हणालो, ऑइल बदलतोय. ताई भाकरी थापत होती, तिने एकदम मोठ्याने भांडे आपटले. हात भाजला असावा.

रविवार, १५ डिसेंबर. दुपारी ४.
निघाला!

मोठे ड्रिल लावून भोक वाढवत नेले. शेवटी पातळ कडे उरले. छिन्नी लावून हातोड्याचे दोन ठोके दिले. तिसऱ्याला प्रतिकार संपला. बॅटरी मारून आत पाहिले. भोक स्वच्छ. प्लग जागेवर नाही.

बाहेर आलेला सर्व चुरा कागदावर गोळा केला. लोखंडाचे कडे व वरचा भाग मिळून पाऊण प्लग भरतो. तापणारे टोक सापडले नाही. ते नाजूक असते, ड्रिलखाली पीठ होऊन उडाले असणार. दुसरीकडे जाणार कुठे?

५.३०
नवीन प्लग बसवताना लक्षात आले की भोकाचे आटे थोडे झिजले आहेत. प्लग फिरतो व तसाच बाहेर येतो. पण डोके चालवले. नळजोडणीवाले आट्यांना सफेदा लावून वर सूत गुंडाळतात, कितीही दाबाचे पाणी थेंबभर गळत नाही. तेच केले. सफेदा व सूत १८ रुपये, उधार. प्लग घट्ट बसला. भाऊसाहेबांना हे कधी सुचले नसते.

सोमवार, १६ डिसेंबर. सकाळी ६.
नंबर वाचला. गाडी स्टार्टरवर उठली! धक्का नाही, चहा नाही. श्रीमंत जवळ आला, कान बॉनेटला लावला. म्हणाला, आतमधी कोण सुतार बसवलाय का? खरोखर टक-टक-टक असा बारीक आवाज आहे. नवीन भाग सुरुवातीला बोलतो. चौथ्या सिलिंडरला वर्षभराने काम मिळाले आहे, ते जाणवणारच.

बुधवार, १८ डिसेंबर
आवाज थोडा मोठा. प्लगभोवती काळा फेस येतो. सूत जळत असावे. संध्याकाळी पुन्हा गुंडाळले. ताई म्हणाली, दाजींना ऐकव एकदा आवाज. मी म्हणालो, परवा. उद्या गुरुवार आहे, तुला शिर्डीला दर्शनाला नेतो, पुढच्या सीटवर. लग्नापासून ती कुठे गेलेली नाही. जाऊ का, असे तिने मावशींना विचारले. मावशी म्हणाल्या, जा, भावाचं इमान कसं उडतं ते तरी बघून ये.

गुरुवार, १९ डिसेंबर. सकाळी १०. बाभळेश्वरच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला.
नऊ प्रवासी. ताई पुढे, ठेवणीतली हिरवी साडी. टक-टक ऐकू येऊ नये म्हणून मी गाणी लावली होती. पेरूच्या बागा लागल्या तेव्हा ताई पहिल्यांदा हसली. नंतर सूत सुटले व प्लग बंदुकीच्या गोळीसारखा बॉनेटवर आतून आदळला. मी ब्रेक मारण्याऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. तेव्हा आतून असा आवाज आला की जात्यात कोणी पकड टाकली असावी. मग काहीच आवाज नाही.

प्रवाशांना भाडे परत केले, नव्वद रुपये. श्रीमंतची गाडी मागून आली. थांबली. मला वाटले आता हसणार. तो हसला नाही. ताईकडे बघून म्हणाला, वैनी, बसा, घरी सोडतो. ती बसली नाही. गाडीजवळ उभी राहिली, हात बॉनेटवर ठेवून, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. तिला चटका बसला तरी काढला नाही.

श्रीमंतने आम्हा दोघांकडे पाहिले आणि तो निघून गेला. 

रात्री ९. घरी.
गाडी ट्रॅक्टरने ओढत आणली. अडीचशे. ताईने शेळीचे करडू विकले.

शनिवार, २१ डिसेंबर
भाऊसाहेबांनी अंगणातच हेड उतरवले. प्लगचे तापणारे टोक सापडले. चौथ्या पिस्टनच्या डोक्यात रुतले होते, पेढ्यात वेलदोडा रुततो तसे. पिस्टन फुटला, लायनर फाटली, हेडला चीर. भाऊसाहेब म्हणाले, सोळा हजार, ते बी हेड जुनं मिळालं तर. मी विचारले, सफेद्यामुळे तर झाले नाही ना? त्यांनी चिंधीला हात पुसले. मग दाजींना म्हणाले, सूर्यभान, पाव्हणा घरात ठेवू नको, भंगारात घाल.

मला हा टोमणा नीट समजला नाही.

दाजींनी भिंतीकडे तोंड केले. संध्याकाळपर्यंत त्यांनी कूस बदलली नाही. प्लास्टरमुळे अवघड जाते.

मंगळवार, २४ डिसेंबर
गाडी श्रीमंतने घेतली, नंबरसकट. दाजींना जी रक्कम आली ती दवाखान्याला व सोसायटीच्या कर्जाला गेली. सफेद्याची उधारीही त्यातच गेली. श्रीमंत दुसरे इंजिन टाकणार आहे. मी त्याला सांगितले की चालक लागला तर मला गाडीची सवय आहे. तो म्हणाला, तुला गाडीची हाय, गाडीला तुझी न्हाई.

मावशी शब्दाला पक्क्या निघाल्या. ताईची पिशवी त्यांनीच भरली. हिरवी साडी काढून ठेवली, ती आमी घेतलेली, म्हणाल्या. ताई दाजींच्या खाटेजवळ उभी राहिली. दाजी म्हणाले, जा सध्या. ‘सध्या’ म्हणाले, ही गोष्ट चांगली आहे.

रविवार, ५ जानेवारी १९९७. सायंकाळी ७. पारनेर तालुका, आमच्या घरी.
घर भरल्यासारखे वाटते. ताई आल्यापासून आईला मदत होते. सकाळी ती कांद्याच्या लागवडीला जाते, तीस रुपये रोज. मीही जाणार होतो, पण चिखलात बोटे फुगतात व बारीक यंत्रकाम करणाऱ्याला बोटे सांभाळावी लागतात. बेलापूरहून पत्र नाही. सणाला बोलावतील असे मी ताईला म्हणालो. ती म्हणाली, तू बोलू नको रं. प्रवासाने व कामाने थकते.

महिन्याचा हिशेब:
प्लग १४५
ड्रिल मशीन ६०
स्क्रू ९०
सफेदा, सूत १८
प्रवाशांना परत ९०
ट्रॅक्टर २५०
एकूण खर्च ६५३
पैकी ताईचे व दाजींचे ६५३
पैकी माझे ०
(धक्क्याचा चहा ताईने परस्पर दिला, तो धरलेला नाही.)
देणे: काही नाही. सख्ख्या बहिणीशी हिशेब ठेवणे बरे दिसत नाही.
जमा: १०. ताईने आज रोजातून दिले. मी मागितले नव्हते, नुसता दारात उभा होतो.