न बघता दाबलेलं बटण

बाई, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. आज रविवारच्या दुपारी तुम्हाला लिहायला बसले, कारण उद्या सकाळी मला साहेबांच्या केबिनमध्ये जायचं आहे. आई दोनदा विचारून गेली, जेवली का नाहीस. ऊन लागलं असेल, असं सांगून टाकलं.

ब्राह्मणपाऱ्यातल्या तुमच्या पुढच्या खोलीत टायपिंगच्या क्लासचे चार कॉम्प्युटर होते, आणि त्यांच्यामागे लगेच स्वयंपाकघर. मी शहराच्या टोकाला, बीरगांवहून दोन ऑटो बदलून यायची. तुम्ही आमच्या हातांवर पंचा टाकायचात आणि आत पोळ्या लाटायला जायचात. मी बोटं चालवते आहे, तुम्ही आत आहात, आणि तरी तुम्हाला सगळं कळतं. चूक झाली की खोडायचं बटण लागोपाठ टकटक वाजायचं, ते तुम्हाला फोडणीतूनही ऐकू यायचं. मग आतूनच आवाज, "पोट्टी, स्क्रीनकडे काहून पाहून राहिली? कागद पाहा. बोटांले ठाऊक असते." माझ्या कॉलेजचा फॉर्मही तुम्हीच शेजारी बसून भरून घेतला. वडिलांचं शिक्षण विचारलेल्या रकान्यापाशी मी अडले. बाबा उरला भागातल्या कारखान्यात भट्टीवर, शाळा चौथीपर्यंत. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, जे आहे ते लिही, त्यात लाजायचं काय. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. तो निकाल पाहायला तुम्ही नव्हतात.

आता मी एका तपासणी केंद्रात काम करते. रक्ताचे निकाल रजिस्टरमधून कॉम्प्युटरवर चढवायचे. सिकलसेलचा आजार रक्तातून मुलांत उतरतो, म्हणून आमच्याकडे लग्न ठरवण्याआधी मुलामुलींची त्याची तपासणी करून घेतात, त्यामुळे रोज अशी कितीतरी नावं माझ्या हातून जातात. हे काम मला कधी लहान वाटलं नाही. एखाद्याच्या घरात काय बातमी जाणार, ती आधी माझ्या बोटांखालून जाते, असं मला वाटायचं, आणि मी ते मनापासून करायची. तुमच्यासारखंच, नजर रजिस्टरवर ठेवून. नाव, वय, निकाल, एंटर. मग एक चौकट यायची, पुन्हा एंटर. नोंद डॉक्टरांच्या यादीत जायची, ते तपासायचे, आणि मगच निकाल बाहेर. आम्ही सगळेच तो एंटर दोनदा दाबायचो, चौकटीत काय लिहिलंय ते कुणी वाचत नव्हतं.

गेल्या महिन्यात एका सोमवारी येऊन पाहिलं तर सगळी स्क्रीनच बदललेली. दिसायला सुंदर, पांढरीशुभ्र. बटणांवरचे शब्द गेले आणि चित्रं आली. डॉक्टरांची यादी वरच्या कोपऱ्यात एका चित्रामागे लपली, ते चित्र मला घड्याळासारखं दिसतं, काकांना कढईसारखं. काका म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे, एकोणीस वर्षं याच केंद्रात आहेत, घर मूळचं अमरावतीकडचं, या हिंदी मुलखात कामावर माझ्याशी मराठी बोलणारे तेच एक. ते दिवसभर स्क्रीनशी भांडायचे. "अरे भैया, कालपर्यंत इथंच होतं, कुठं नेऊन ठेवलं?" रांगेतले लोक हसायचे. ही स्क्रीन बनवणाऱ्या कंपनीला मी तीन पानांची मेल लिहिली, की बटणांवर शब्द परत लिहा, इथे माणसांची कामं अडतात. उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल आभार.

आणि बाई, जिथे आधी एंटर दाबल्यावर नोंद डॉक्टरांकडे जायची, तिथे आता ती सरळ पेशंटच्या मोबाइलवर जाते. चौकट अजूनही येते. तिच्यात आता लिहिलेलं असतं, पेशंटला पाठवायचं का. त्या दिवशी काका पाणी प्यायला उठले होते. एका मुलीची नोंद, वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं, म्हणूनच लक्षात राहिली. पहिल्या चाचणीत सिकलसेलचा संशय होता, दुसरी चाचणी बाकी होती. मी रजिस्टरकडे पाहत दोनदा एंटर दाबला.

दिलेला नंबर मुलीच्या चुलत्याचा होता, तिथून तो निकाल पुढे गेला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील काउंटरवर आले. ओरडले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. मोबाइल काचेवर ठेवून म्हणाले, "लड़के वालों ने भी देख लिया, बेटी।" दुसऱ्या चाचणीत काहीच निघालं नाही. तो निकाल घेऊन ते मुलाकडे गेले. तिकडचे म्हणे विचार करून सांगतो म्हणाले. अजून विचारच चालू आहे. फोन वाजला की मला वाटतं तेच असतील.

साहेबांनी शुक्रवारी सगळ्यांना बोलावलं. काउंटरला एकच पासवर्ड, तो कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला, त्यामुळे कुणी दाबलं ते कळायला मार्ग नाही. पण सगळ्यांची नजर काकांकडे गेली. साहेब म्हणाले, "भैया, आपसे नहीं हो रहा तो कोई बात नहीं। सोमवार को बैठकर देखते हैं।" याचा अर्थ त्यांना घरी बसवणार, हे सगळ्यांना कळलं. मी माझ्या चपलांकडे पाहत होते.

काल सुटल्यावर मी काकांना स्टँडवर गाठलं. सांगायचंच असं ठरवून गेले होते. त्यांनीच सुरुवात केली. म्हणाले, "पोरी, मले तर वाटून राहिलं का माह्याच हातानं गेलं असंल. दिवसातून दहा डाव चुकतो मी, त्याच्यातलंच एक." आणि मग माझ्याच पाठीवर थोपटलं, तू काळजी करू नको, तुले घर पाहायचं आहे. जे सांगायला गेले होते ते तसंच ठेवून मी माझ्या ऑटोत बसले. त्यांना स्वतःलाच खात्री नाही, म्हणजे मी बोलले नाही तर हे जगात कुणालाच कळणार नाही. रात्रभर आणि आत्तापर्यंत हेच डोक्यात फिरतंय. बाबांची भट्टी, बहिणीची फी, आणि स्टँडवर डबा धरून उभे असलेले काका.

साहेब साडेनऊला येतात, काकांना दहाला बोलावलंय. त्या अर्ध्या तासात मी खरं सांगायला जाणार आहे. काय होईल माहीत नाही. हे पत्र तर कुठे टाकणार, तुमच्या त्या खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे. पण जे साहेबांनाही सांगणार नाही, ते एक तुम्हाला सांगते. नवी स्क्रीन शिकवायला कंपनीची माणसं आली होती, तेव्हा शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला समजलं नाही का. एकट्या काकांनी हात वर केला. सगळे हसले. मलाही काही समजलं नव्हतं, बाई, आणि मीही हसले.