चारच्या पटीतली टीम

३ जानेवारी, शुक्रवार
उत्तरेतल्या या आयटी पार्कात दाट धुकं. टीममध्ये आम्ही नऊ जण. चार वाजता एचआरने दोघांना वर बोलावलं. ते खाली आलेच नाहीत. बॅगा सिक्युरिटीवाला घेऊन गेला. लीनाला सांगितलं नाही. बायकोला उगाच घोर कशाला?

५ जानेवारी, रविवार
ओजस्विनीने शाळेतला खेळ शिकवला. काड्यांचा ढीग. दोघांनी आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायच्या. शेवटची उचलेल तो जिंकला. लेकीकडून सलग अकरा वेळा हरलो. मग तिने गुपित सांगितलं: आपण उचलल्यावर चारच्या पटीत उरल्या पाहिजेत. मग समोरचा काहीही करो, मेलाच.
दुपारी एकदम ट्यूब पेटली. मॅनेजमेंटने नवातून दोन उचलले, उरले सात. चाल आमची. तीन कमी करायचे! बाकीच्यांना हे सुचत कसं नाही?

८ जानेवारी, बुधवार
टीममधल्या लतिकाला म्हटलं, पुण्यात तुझ्या सासूबाई एकट्या आहेत. सिद्धांतला म्हटलं, यार, तुझी इथे कदर नाही. शिशिर आधीच घाबरलेला, त्याच्यापुढे नुसती मान हलवली. तिघांचे राजीनामे तासाभरात मंजूर, नोटीस पिरियडही माफ. एचआरला एवढी घाई का, कळलं नाही. उरले चार. पक्कं!

९ जानेवारी, गुरुवार
मजल्यावरचे अर्धे दिवे बंद. चहाचं मशीनही नेलं. मॅनेजमेंट हबकलेली दिसते.

१० जानेवारी, शुक्रवार, सायं. ५
तिघांना वर बोलावलं. गणिताबरहुकूम! उरला एक. चाल आमची.

५.२०
ओजस्विनीला फोन केला. तिने विचारलं, पापा, जो एक बचा है, वो कौन है? म्हटलं, ते महत्त्वाचं नाही.

५.४०
मजल्यावर मी एकटा. लिफ्ट येते, थांबते, दार उघडतं, कुणी उतरत नाही.

१३ जानेवारी, सोमवार
शनिवार-रविवार विचार केला. चाल चुकवली तर शेवटचा मॅनेजमेंट उचलणार. सकाळी राजीनामा दिला. एचआरवाली म्हणाली, थँक्यू जी, आपने हमारा काम आसान कर दिया.
घरी आलो. सोसायटीत लोहडीच्या शेकोटीची लाकडं रचलेली. शेजारच्या बग्गाजींनी हातात रेवड्या कोंबल्या, बधाई म्हणाले. ओजस्विनीने जिनाभर सांगून ठेवलंय, पापा जीत गए.
लीनाने दारातच हसत विचारलं, काय जिंकलास रे? बूट काढायला खाली वाकलो, तो बराच वेळ वाकलेलाच राहिलो.