सोमारीची पाटी

१४ मे १९५५, गोंदिया
समितीची सभा शेठजींच्या राईस मिलच्या ऑफिसात. (यापुढे नुसते शे. त्यांच्यावर याहून जास्त शाई घालवणार नाही.) अंगावर कोंड्याची धूळ घेऊन राष्ट्राच्या इतिहासावर चर्चा. दिल्लीत राष्ट्रीय संग्रहालय होत आहे, तर गोंदियात का नको, एवढाच युक्तिवाद. इथे जंक्शन आहे, असे शे. पुन्हा पुन्हा सांगत होते. जणू इतिहासही गाडी बदलायला इथेच उतरतो.

नागपूरच्या आर्किटेक्टने नकाशा पसरला. पुढे खांब, खांबांवर सिंह, मध्ये घुमट. विचारले, घुमटाखाली काय? म्हणाला, "भव्यता." इथला पाऊस पाहिला आहे का, विचारले. तो दिल्लीबद्दल बोलत राहिला.

समितीत मी एकटी बाई. निवृत्त मुख्याध्यापिका, ना नवरा ना मुले, नन्सच्या हाताखाली घोटलेले इंग्रजी. पाहुण्यांना चहा विचारायला सोयीची.

५ जून
मंगली मडावी आली होती. शाळेत पाणी भरायची, आता बिडीच्या कारखान्यात. घुमटाखाली हुतात्म्यांच्या नावांची भिंत होणार, हे तिला कुणीतरी सांगितले. आईचे नाव लागेल का, विचारत होती.

आई सोमारी. देवरीकडच्या जंगलातली गोंड बाई. तीस साली जंगल सत्याग्रहात सगळ्या गावाने राखीव जंगलात गवत कापले. गोळी हिला लागली. पोलिसांच्या कागदात सत्याग्रह नाही, 'गवत चोरताना मेली' एवढेच. तेव्हापासून गावात मंगली म्हणजे चोट्टीची पोर. लग्न मोडले ते त्याच शब्दावर.

"मले काई नाई पायजे बाई. मायच्या नावापुढचं चोट्टी तेवढं जावाले पायजे."

१९ जून
सभेत सोमारीचे नाव मांडले. शे. हसले. "बहनजी, वो तो घास चुराते मरी थी."

म्हटले, मग मीठ चोरणाऱ्याच्या तसबिरीला रोज हार कशाला घालता?

नाव मंजूर.

२२ ऑगस्ट १९५६
भिंत उभी राहिली, पाट्या लागल्या. संगमरवर, जबलपूरचा कारागीर, सरकार हिंदी म्हणून मजकूर हिंदी. बाराव्या पाटीवर: 'सोमारी बाई मडावी। स्वतंत्रता की चेष्टा में प्राण दिए।' मंगलीला वाचता येत नाही. बोटाने अक्षरे चाचपून विचारले, यातलं माय कोणतं? दाखवले. पुढचे काय आहे, विचारले. म्हटले, स्वातंत्र्यासाठी धडपडताना जीव दिला. ती पाटीकडे पाठ करून भिंतीला टेकून बसली, किती तरी वेळ. वर घुमट नाहीच अजून, नुसते बांबू. पाऊस अंगावर. उठली नाही.

२ नोव्हेंबर १९५६
परवा आम्ही मध्य प्रदेशात झोपलो आणि काल मुंबई राज्यात उठलो. घर तेच, विहीर तीच, डासही तेच. भोपाळ म्हणते, इमारत आता मुंबईची. मुंबईला ती कुठे आहे हे ठाऊक नाही. आर्किटेक्ट नागपूर सोडून गेला. घुमटासाठी उभारलेली बांबूंची तिरडी तशीच. (तिरडीच दिसते ती. दुसरा शब्द सुचत नाही.)

३० जुलै १९५७
आत गुडघाभर पाणी. खांबांना शेवाळ, सिंह आलेच नाहीत. कोरड्या कोपऱ्यात शे.च्या धानाची पोती, 'तात्पुरती'. हुतात्म्यांच्या भिंतीला पोती टेकवली आहेत. विचारले तर म्हणाले, राष्ट्राचे अन्न राष्ट्राच्याच इमारतीत आहे ना.

मंगली दर अमावास्येला येते. पोती सरकवते, पाटीला हळद-तांदूळ लावते, पोती परत जागी लावते. चौकीदार पूर्वी हाकलायचा. आता पोती धरू लागतो.

११ मार्च १९५९
काम पुन्हा सुरू. मुंबईहून नवा इंजिनियर. घुमट रद्द, वर सपाट स्लॅब. "घुमट म्हणजे गुलामीची खूण," म्हणाला. आधीचा म्हणायचा, घुमट म्हणजे स्वातंत्र्याचा आविष्कार. मी दोघांचेही ऐकून घेतले. स्लॅब गळणार.

हिंदी पाट्या काढून मराठी लावायच्या, असा हुकूम. भाषांतर मला द्या म्हणून निरोप पाठवला. शे.चा निरोप: आप आराम कीजिए, मुनीमजी कर देंगे. मलेरियाने हाडे दुखत आहेत, नाहीतर गेले असते.

८ डिसेंबर १९५९
 

नव्या पाट्या पाहायला गेले. मुलींच्या शाळेचा वर्ग आला होता. बाराव्या पाटीपुढे पोरी ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. वाचले. 'सोमारीबाई मडावी. स्वातंत्र्याच्या चेष्टेत प्राण दिला.'

मुनीमजींनी शब्दाला शब्द लावला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. या गावात रोज दोन्ही भाषा एकाच तोंडात असतात, म्हणून मुनीमजींना, कारागिराला, शे.ना, कुणालाच काही खटकले नाही. खटकले ते बारा वर्षांच्या पोरींना.

मंगली तिथेच होती. नवे लुगडे नेसून आली होती, हातात हळद-तांदूळ.
"बाई, ह्या पोट्ट्या कायले हासून राहिल्या?"
म्हटले, पोरी वाह्यात आहेत.

तडक मिलवर. शे. शांतपणे म्हणाले, "हमारे यहाँ तो चेष्टा माने कोशिश ही होता है." म्हटले, तुमच्याकडे शिक्षणाला शिक्षा म्हणतात, म्हणून मी जन्मभर पोरींना शिक्षाच केली का? आजच्या आज पाटी काढा.

९ डिसेंबर
सकाळीच काढली. चौकीदार सांगत होता, शे. स्वतः उभे होते. कधी नव्हे ते माझे एवढ्या लवकर ऐकले. बरे वाटले.

१७ फेब्रुवारी १९६०
बारावी जागा रिकामी. कारागीर होळीला गावी जाणार, परत आला की नवी पाटी. मंगलीला तेच सांगितले. भिंतीला उरलेल्या चुन्यावरच हळद लावून गेली.

२९ मार्च
आज समजले. नवे राज्य होणार, नवी समिती. तिचा नियम असा: जे नाव भिंतीवर आहे ते राहील. जे नाही, त्याला पुरावा लागेल. सोमारी भिंतीवर नाही. पुरावा काय? पोलिसांचा कागद. त्यात चोरी.

शे.ना विचारले, हे तुम्हाला डिसेंबरात ठाऊक होते? म्हणाले, "बहनजी, आप ही ने तो निकलवाया."

गावातून साक्षीदार आणीन म्हटले. नव्या समितीचे अध्यक्ष इंग्रजीत म्हणाले, स्मरण हा पुरावा नाही. मीही इंग्रजीत उत्तर दिले. सभ्य उत्तर नव्हते. मदर सुपीरियरने साबणाने तोंड धुवायला लावले असते.

१० एप्रिल
तरी देवरीकडून दोन म्हातारे आणले. एकजण अध्यक्षांना म्हणाला, "गवत आमी बी कापलो. आमाले बी चोर लिवा मंग." लिहून घेतले नाही.

२ मे १९६०
काल नवे राज्य, काल उद्घाटन. भाषणांत हुतात्मे पुष्कळ. बाराव्या जागेवर झेंडूचे तोरण आडवे टांगले होते, भोक दिसू नये म्हणून. वळवाची सर आली, स्लॅब गळला, पाहुण्यांच्या टोपीवर. कुणाला आनंद झाला असेल तर तो मला, तोही क्षणभरच.

मंगली दारातच थांबली. पासाशिवाय आत नाही.

७ मे
शे. घरी आले. प्रथमच. चहा घेतला नाही. म्हणाले, काढलेली पाटी मिलमध्ये आहे, फुटलेली नाही. ती आहे तशी परत लावली तर 'भिंतीवर होतेच' असे म्हणता येईल, त्यांचा मुनीम, चौकीदार साक्ष देतील, अर्जावर सही मात्र माझी हवी. एक अक्षर बदलले तर ती नवी पाटी, मग पुरावा आणा. आणि जागा रिकामी राहणार असेल तर त्यांच्या दिवंगत वडिलांचे नाव सुचवलेले आहे. ते आयुष्यात कुठल्या सत्याग्रहात होते, विचारले. म्हणाले, सगळ्यांना धान तेच पुरवायचे. पोलिसांनाही, हे मी म्हटले.

उत्तर उद्या सकाळी हवे. माणूस पाठवतील.

मी चाळीस वर्षे मुलींच्या वह्यांत एकेका चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारली. ही पाटी माझ्या सहीने लागायची?

७ मे, संध्याकाळी
मंगलीला बोलावून घेतले. ओट्यावर बसवून सगळे सांगितले. शब्दाचा अर्थही सांगितला, तिची आई स्वातंत्र्याची थट्टा करताना मेली असे त्या पाटीवर आहे. पोरी त्याला हसत होत्या.

वाटले रडेल. म्हणाली, "मले तवाच समजलं होतं बाई. कोनी उगाच हासते का?"

मग: "पन हासल्या तवा नाव वाचूनच हासल्या ना? मायचं नाव मोठ्यानं वाचलं त्यायनं. चोट्टी नाई म्हनलं कोनी."

म्हटले, मंगली, ती पाटी खोटी आहे.
"आन् पोलिसाचा कागद?"

 उद्या शे.चा माणूस आला की काय सांगू, हे तिला विचारले. ती म्हणाली, तुमी शिकलेल्या आहा, तुमी सांगा. आणि उठली नाही. अजून ओट्यावर आहे. दिवा घेऊन बाहेर जाते.