न वळणारा गाडा

परतूर, रविवार, १२ जानेवारी १९४१

आज मुलं गेली, म्हणून लिहायला बसले. शकू वारल्यावर दोन्ही नातवंडं माझ्याकडेच होती. आता जावईबापूंनी दुसरं लग्न केलंय, ते न्यायला आले. बरोबरच आहे.

सकाळीच मुलांसाठी लाकडी गाडा पुरा केला. फळीखाली चाकांचे दोन्ही आस खिळ्यांनी पक्के ठोकले होते. उतारावर सोडला, तो सरळ भिंतीवर.

"आजी, हा वळतच न्हाई! बैल जुंपायचे राह्यले का?" थोरला नातू बापू हसला.

खरंच. बैलगाडीचा आस वळत नाही, बैल वळतात. मी तोच नमुना धरला. एवढं कसं सुचलं नाही?

"दुरुस्त होईस्तोवर ऱ्हातो मंग," बापू वडिलांना म्हणाला. जावईबापू माझ्याकडे बघत राहिले. मी सांगितलं असतं तर थांबलेही असते.

"तासाभराचं काम आहे," मी म्हणाले.

पुढचा आस काढून मधोमध एकाच बोल्टवर बसवला, दोन टोकांना दोर बांधला. आस वळला. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

स्टेशनवर जावईबापूंच्या हवाली केलं: गाडा, कपड्यांची ट्रंक, बापू, बेबी. बेबीला झोपताना कुणाचा तरी कान धरायला लागतो, तेही सांगितलं.