खंड्याचा दाखला

पाटणबोरी,
चैत्र शुद्ध ४, शके १८६५

चि. दमयंतीस दादाचे अनेक आशीर्वाद.

नावामागे ‘गं. भा.’ लावलेलं नाही. नवरा गेला म्हणून बाईचं नाव बदलायची रीत मला मान्य नाही, हे तू जाणतेसच.

भाषणांपायी निजाम सरकारने हद्दपार केलं, त्याचं दुःख नाही. पण इथे नदीपल्याड, इंग्रजी हद्दीत, संध्याकाळी बोलायला माणूस नाही. सभा गाजवणारा तुझा भाऊ आता भिंतीला वर्तमानपत्र वाचून दाखवतो! माझ्या खंड्याला पाठव. कुत्रा नदीपार न्यायचा तर नाक्यावर तो पिसाळलेला नसल्याचा दाखला मागतात. गुरांच्या दवाखान्यातल्या सलोत्रीसाहेबांकडून तो घे. मालक म्हणून तुझं नाव दे; माझं दिलंस तर कुत्राही राजद्रोही ठरेल.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
गोपाळ

आदिलाबाद,
चैत्र शुद्ध ११

ती. दादांस दमयंतीचा कृ. सा. न. वि. वि.

शेजारच्या मावला गावच्या गयाबाईला सोबत घेऊन दवाखान्यात गेले. खंड्या तोंड उघडू देईना. बस म्हटलं की उभा राहतो. सलोत्रीसाहेब हसून म्हणाले की, मालकीण तुम्ही, आणि हा तुमचं एक ऐकत नाही. दात, जीभ पाहिल्याशिवाय सही व्हायची नाही. बाहेर आल्यावर गयाबाई म्हणाली, थो तुमचं काऊन आयकीन बाई, त्याचा मानूस तं पार गेला.

दिवसभर तो फाटकाशी असतो. मी जेवायला बसले की मात्र पायाशी येतो. तेवढा वेळ घरात कुणी आहेसं वाटतं. असो. आता काय करू, ते कळवावं.

आज्ञाधारक,
दमयंती

पाटणबोरी,
चैत्र वद्य २

चि. दमयंतीस आशीर्वाद.

सलोत्री बाजाराच्या दिवशी नाक्यावर गुरं तपासायला येतात. खंड्याला तिथे आण. पैनगंगा सध्या आटून अरुंद झाली आहे. हुकूम माझ्या पायांना आहे, आवाजाला नाही! मी अलीकडच्या काठावरून त्याला बसवतो.

उतावळा,
दादा

आदिलाबाद,
चैत्र वद्य ९

ती. दादांस कृ. सा. न. वि. वि.

तुमचा आवाज पाण्यावरून आला आणि खंड्या खरोखरच बसला. सलोत्रीसाहेबांनी त्याचं तोंड पाहिलं, मग मान वर करून पलीकडे पाहिलं. कोण ओरडतंय, हे त्यांनी विचारलं नाही. सही झाली, तोच खंड्याने हिसडा देऊन पाण्यात उडी घेतली. शिपाई धावला, तर साहेबच त्याला म्हणाले की, जाऊ दे, कागद झालाय.

तुम्ही धोतर भिजवत आत आलात आणि त्याला कवेत घेतलंत. मी बघत होते. दाखला सोबत पाठवते आहे. त्याला भाकरी दुधात कुस्करून लागते, नुसती खात नाही.

काल पान वाढून घेतलं आणि तसंच उठले. रागावू नका, पण एक लिहिते. तुमचा आवाज इतका स्वच्छ या काठाला येतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्याला केवढ्या हाका मारल्यात, दादा. एक माझ्या नावाची मारायची होती.

लोभ आहेच; तो कधी मोठ्यानेही असावा.

तुमची धाकटी,
दमयंती