नऊ तासांत दारात

प्रिय बाबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून धाकटीचा नमस्कार.

मी सुखरूप पोचले, कामावरही रुजू झाले. जेवणाची हेळसांड करत नाही, काळजी करू नका. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना? झोपताना गॅसचं बटण दोनदा बघत जा, आई बघायची तसं.

विमानतळावर माझ्या तिकीट खिडकीशी आपल्याकडे यायला निघालेले लोक दिवसभर एकच विचारतात, किती लांब आणि किती वेळ? मी पाठ म्हणून दाखवते, सात हजार किलोमीटर, नऊ तास. आईलाही मी तेच सांगत आले. "तू नुसती हाक मार, नऊ तासांत दारात उभी राहते बघ." ते विमान हवेत असतानाचे तास झाले. मधल्या विमानतळावरचं ताटकळणं, रांगा, शेवटची बस, हे तिला कधी सांगितलंच नाही. लेक फार लांब आहे असं वाटायला नको म्हणून.

दादा म्हणाला, मी निघाल्याचं कळल्यापासून तिची नजर घड्याळावरच होती. नऊ तास झाले तशी तुम्हाला म्हणाली, "कडी काढून ठेवा, आलीच असेल ती." तेव्हा मी दुसऱ्या विमानाची वाट बघत बाकावर बसले होते. तासाभरात ती गेली.

मी एकविसाव्या तासाला पोचले. कडी अजून काढलेलीच होती.

आता खिडकीवर मी घरापासून घरापर्यंतचे तास सांगते. साहेब ओरडतात. ओरडू देत.

बाबा, जरा जरी काही दुखलं तरी अंगावर काढू नका. मला एकवीस तास आधी कळवा.

तुमचीच,
धाकटी